मेणातला फासा

डुलुथ, ११ फेब्रुवारी

बर्नडीन,

हे नाताळचं कार्ड नाही, तेव्हा खिडकीत उभं करून विसरून जाऊ नकोस. वाच.

लेनोरला जानेवारीत अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं अर्धं उरलं. डोकं शाबूत आहे, आणि माझ्या मते तेच वाईट आहे. टेकडीवरच्या शुश्रूषागृहात तिला ठेवलं आहे. खिडकीतून सरोवर दिसतं, पण सध्या त्यावर बर्फाखेरीज काही नाही. दुसरा झटका येणार, असं डॉक्टर सांगतात. कधी, ते सांगत नाहीत.

मी आणि हार्लन दर गुरुवारी तिच्याकडे जातो. आपला खेळ बंद पडलेला नाही, हे तुला कुणी सांगितलं नसेल. तेच जुनं नियमांचं पुस्तक, तेच फासे, माझ्यापुढे तोच पुठ्ठ्याचा आडोसा. फक्त टेबल म्हणून आता तिच्या खाटेवरची जेवणाची फळी असते. मी अजून सूत्रधार आहे. प्रत्येकाचं एक पात्र आणि त्या पात्राचा एक कागद; प्रसंग मी सांगते, पात्रानं काय करायचं ते त्यांनी ठरवायचं, आणि जमलं की फसलं ते फाशानं.

गेल्या गुरुवारी मी नेहमीसारखं विचारलं, "लेनोर, तुझी पुजारीण काय करते आहे?"

तिनं डाव्या हातानं पुजारणीचा कागद ढकलून दिला. म्हणाली, "वेस्ला."

हार्लन म्हणाला, "अगं, वेस्ला मेली ना! पुलावरून दरीत पडली. किती रडलो होतो आपण!"

"माहीत आहे," लेनोर म्हणाली. प्रत्येक शब्दाला तिला वेळ लागतो. "वेस्ला हवी."

वेस्ला म्हणजे लेनोरचं जुनं पात्र, हे तुला सांगायला नको. तिच्यावरूनच तू खेळ सोडून गेलीस. ती धुक्याच्या लोकांतली होती, आणि आपल्या पुस्तकात स्वच्छ छापलं आहे की धुक्याच्या माणसांना आत्मा नसतो. बाकीच्यांना मंत्रानं उठवता येतं, ही माणसं मेली की गेली. पुढं नवी आवृत्ती निघाली आणि तिच्यातून ते वाक्य गाळलं. तू ते नवंकोरं पुस्तक माझ्या टेबलावर आपटून म्हणालीस, "घ्या! आता वेस्ला परत येऊ शकते." मी म्हणाले की मेलेल्या माणसासाठी पुस्तक बदलायचं नसतं. त्यावर तू जे बोललीस ते मी लिहीत नाही. लेनोर मध्ये बसली होती आणि एक शब्द बोलली नाही. तू कोट घेतलास. तिनं पुजारणीचा कागद भरायला घेतला, आणि ती पुजारीण तिला कधीही आवडली नाही.

माझं मत तेव्हा होतं तेच आहे. पण लेनोर मागते आहे, आणि तिच्यापाशी फार दिवस नाहीत. मनाला येईल तसं मी तिला उठवून देणार नाही. तसं उठवलं तर तिचं मरणंही खोटं होतं, आणि लेनोरला ते लगेच कळेल. कुठलातरी नियम हवा. माझ्या पुस्तकात तो नाही, तुझ्या पुस्तकात आहे. सध्या तुमची कितवी आवृत्ती चालू आहे ते मोजायचं मी केव्हाच सोडलं. तिच्यात धुक्याचं माणूस परत कसं आणतात, ते मुद्देसूद लिहून पाठव.

जिंकल्याचे नगारे वाजवू नकोस.

मार्लिस


डुलुथ, २६ फेब्रुवारी

बर्नडीन,

एक पान मागितलं तर तू अख्खं पुस्तक पाठवलंस. पोस्टमनला वाटलं मी फरशी मागवली.

वाचलं. पहिल्या पानापासून, कारण मी मधूनच वाचणारी नाही. चित्रं फार आहेत. प्रत्येक जण पहिल्या दिवसापासून वीर. आमच्या पुस्तकात माणूस एका उंदरानं मरे आणि म्हणून जिना उतरताना जपून उतरे. तुमच्यात मरायचं म्हणजे सरकारी परवाना काढण्याइतकं कठीण. मात्र शेवटची सूची उत्तम आहे. आपल्या पुस्तकात एक गोष्ट शोधायला निघालं की दुसरीच सापडायची, हे मी कबूल करते.

तू लिहितेस, "तुला जुनं पुस्तक आवडत नाही, मार्लिस. तुला आपण वीस वर्षांच्या होतो ते आवडतं." असेल. पण तुम्ही लोक दर काही वर्षांनी नवं पुस्तक घेता आणि आधीचं सगळं चुकीचं होतं म्हणता, तेव्हा त्या आधीच्यात जे जगले त्यांचं काय करायचं, हे तुमच्या सूचीत मला सापडलं नाही.

असो. गुरुवारी मी ते पान लेनोरला वाचून दाखवलं. तिनं डोळे मिटून पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "नाही."

"का नाही?" मी विचारलं. "तूच मागितलीस ना?"

"ती... दुसरी असेल."

हार्लन कळवळून म्हणाला, "अगं दुसरी कशी? नाव तेच, धनुष्य तेच, डोळेसुद्धा करडेच!"

लेनोरनं त्याच्याकडे पाहिलं. अर्धं तोंड हललं. "तुझी दुसरी बायको," ती म्हणाली, "तीपण डोरिसच होती."

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. नर्स आत आली तेव्हा लेनोर हसून हसून लाल झाली होती, आणि मग रडत होती. आता तिचं हसणं आणि रडणं एकाच बाजूनं होतं, त्यामुळे कुठे एक संपलं ते कळत नाही.

तर तुझा नियम नको आहे आणि माझा उपयोगाचा नाही. प्रश्न मिटला. तू पुस्तक पाठवलंस, त्याबद्दल आभार. ते मी आभारापुरतंच म्हणते.

एक तुझी वस्तू माझ्याकडे आहे. वेस्ला ज्या फाशानं गेली तो तुझा होता. लेनोरचा फासा तेव्हाच जमिनीतल्या गरम हवेच्या जाळीतून खाली घरंगळला होता. तू गाडी तापवायला बाहेर निघाली होतीस. कोटाच्या खिशातून आपला काढून दिलास आणि म्हणालीस, "घे, पण फुंकर मारू नकोस, त्याला आवडत नाही." एरवी आपल्यात कुणी कुणाच्या फाशाला हात लावत नसे. तुटक्या पुलावर वेस्ला दोराला लोंबकळत होती. दहाच्या वर पडले असते तर दोर हातात राहिला असता. पडले तीन.

रीतीप्रमाणे तो फासा मी बशीत ठेवून वर मेणबत्तीचं मेण ओतलं होतं, पडला तसाच, आकडा वर. माणूस मारलेला फासा पुन्हा टाकायचा नाही. तो अजून वरच्या फळीवर आहे, तांबडा तीन वर करून. परत हवा असेल तर कळव.

मार्लिस


डुलुथ, ८ मार्च

बर्नडीन,

तुझं पत्र वाचून मी आधी भांडी घासली. मग पुन्हा वाचलं.

आपल्यात गैरसमज नको म्हणून सगळं स्वच्छ लिहिते. आयुष्यभर भूमिती शिकवली आहे, तेव्हा सहन कर.

त्या काळच्या खोक्यात फासे कोरे यायचे. आकडे नुसते कोरलेले, आणि सोबत मेणाचा एक खडू. तो आपण कोरणीत घासून भरायचा. वीस बाजूंच्या फाशावर वीसपर्यंत आकडे नव्हतेच. शून्य ते नऊ, दोनदा, आणि शून्य म्हणजे दहा. म्हणून अर्धे आकडे एका रंगानं भरायचे, अर्धे दुसऱ्या रंगानं. एक रंग आहे तसा वाचायचा आणि दुसऱ्या रंगात दहा मिळवायचे. कुठला रंग कुठला, हे पुस्तकात नव्हतं. ज्याचं त्यानं ठरवायचं.

मी, लेनोर आणि हार्लन यांनी आपले फासे वसतिगृहाच्या खोलीत एकत्र बसून भरले. काळं म्हणजे दहा मिळवा, तांबडं म्हणजे आहे तसं. तू सुट्टीत घरी गेली होतीस आणि तुझे तिकडे भरून आणलेस. आता तू लिहितेस की तुझ्या फाशांवर नेमकं उलटं होतं. तांबडं म्हणजे दहा मिळवा.

म्हणजे लेनोरनं तुझा फासा टाकला आणि आपल्या फाशासारखा वाचला. म्हणजे तिला तीन नाही, तेरा पडले. म्हणजे वेस्लाच्या हातून दोर सुटलाच नाही.

आता सरळ विचारते. खोटं बोलते आहेस का?

विचारायला कारण आहे. कॉलेजात त्या रोचेस्टर गावच्या मुलानं लेनोरला लिहिणं थांबवलं, तेव्हा टपाल कचेरीत पिशव्या जळाल्या असं तू तिला सांगितलंस. जळण्याचा वाससुद्धा वर्णन केलास. दयेपोटी तू खोटं बोलतेस, आणि फार छान बोलतेस. हे तसलं असेल तर लेनोरपर्यंत जाणार नाही. तिनं तुझं नवं पुस्तक नाकारलं ते उगाच नाही. तिला दया नको आहे. तिला वेस्ला हवी आहे.

मी फासा खाली काढून भिंगाखाली धरला. काही सिद्ध होत नाही. दोन रंग आहेत आणि दोन्ही रंग गप्प आहेत. मला हे कधी कळलं नाही, कारण मी आडोशामागे बसायची आणि तुम्ही नुसते आकडे ओरडायचात. आणि तू आत आलीस तेव्हा मी मेण ओतत होते. "किती पडले?" तू विचारलंस. मी म्हणाले, "तीन." तू बशीकडे पाहिलंच नाहीस. सरळ लेनोरकडे गेलीस, बूट न काढता. त्यानंतर बशी वरच्या फळीवर, आणि तिथलं काही खाली काढायचं नाही ही आपलीच रीत.

टेबलावर तुझ्या शेजारी हार्लन बसायचा. मी त्याला विचारणार आहे. त्याला अजून काही माहीत नाही. तू त्याला फोन करायचा नाहीस. केलास तर मला कळेल. त्याच्याच्यानं काही लपवलं जात नाही.

मार्लिस


डुलुथ, १५ मार्च

बर्नी,

हार्लनकडे जेवायला गेले होते. रानटी तांदळाचं सूप होतं, आणि त्यात त्यानं नेहमीप्रमाणे मीठ दोनदा घातलं होतं. त्याच्या कपाटात खेळाच्या सगळ्या आवृत्त्या ओळीनं उभ्या आहेत, वरचा कागद न फाडता. मी विचारलं, "वाचत नाहीस तर घेतोस कशाला?" म्हणाला, "मी न घेतल्या तर त्यांना वाईट वाटेल." कुणाला, ते त्याला सांगता आलं नाही.

मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "हार्लन, बर्नडीनला वीस पडायचे तेव्हा फाशावर काय दिसायचं रे?"

त्यानं सुपातून मान वर केली नाही. "लाल शून्य. दुसरं काय?"

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय, मार्लिस! लाल शून्य पडलं की ती खुर्चीतून उडायची. त्या राक्षसाच्या वेळी तिच्या डोक्यानं तुझा टेबलावरचा टांगता दिवा फुटला. नवा मीच बसवला. तो अजून वाकडाच आहे, जाऊन बघ." मग चमचा थांबला. "का गं? काय झालं?"

मी सांगितलं. त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग तो उठून मागच्या दारात जाऊन उभा राहिला, पाठमोरा. परत आला तेव्हा म्हणाला, "सूप खारट झालंय. टाकून देऊ?" मी म्हणाले, चांगलं आहे. दोघांनी संपवलं.

तू खोटं बोलत नव्हतीस. मी विचारलं ते योग्यच होतं, पण तू खोटं बोलत नव्हतीस.

गुरुवारी मी बशी रुमालात बांधून नेली आणि लेनोरच्या फळीवर ठेवली. तुला लिहिलं तसंच तिला सगळं सांगितलं, वर्गात सांगावं तसं. तिनं मेणावरून बोट फिरवलं. हार्लन खुर्चीच्या कडेवर बसला होता, पडेल असं वाटत होतं.

मी म्हणाले, "लेनोर, मी पुस्तक बदललेलं नाही. तुला तेरा पडले होते. ती पडलीच नाही."

लेनोर म्हणाली, "मग इतकी वर्षं... ती होती कुठे?"

बर्नी, आडोशामागे बसायला लागल्यापासून मला उत्तर सुचलं नाही असं कधी झालं नव्हतं. तुम्ही काहीही विचारा, कुठल्याही दाराआड काय आहे ते माझ्यापाशी तयार असायचं. मी म्हणाले, "पुढच्या गुरुवारी सांगते."

आता उत्तर आहे. ती दोर धरून दरीच्या पलीकडच्या बाजूला चढली. तुम्ही अलीकडच्या बाजूला होतात. तुमची मशाल तिला दिसत होती. मग लांबचा वळसा घालून ती अलीकडच्या, तुमच्या किल्ल्याच्या दारापर्यंत पोचली, पण दार बंद होतं. पाथरवटाच्या खुणेशिवाय ते उघडत नाही आणि बाहेरून तर नाहीच. ते दार कुणी लावलं, ते तुला माहीत आहे. तुझ्या पात्रानं, पाथरवट ग्रिमेलनं. माघारी किल्ल्यात शिरताना, तिच्या नावानं एक दगड बसवून.

तेव्हा तुला यावं लागेल. दुसऱ्या कुणाला ते उघडता येणार नाही. मी नियम मोडणार नाही आणि लेनोर मला मोडू देणार नाही. ग्रिमेल आता तुमच्या नव्या आवृत्तीत काय काय करतो ते मला माहीत नाही. उडतही असेल. त्याचा कागद मी बघणार नाही. त्याच्या हातांनी दार उघडलं की पुरे.

स्पूनर गावाच्या पुढं हरणं सांभाळ, संध्याकाळी रस्त्यावर येतात. वरची खोली तयार आहे. पलंग तोच, गादी नवी.

मार्लिस


डुलुथ, ३० एप्रिल

बर्नी,

दफनाच्या दिवशी चर्चच्या तळघरात इतके लोक होते, आणि प्रत्येकाच्या हातात कॉफी, की मला तुझ्याशी बोलता आलं नाही. समोरासमोर जमलंही नसतं. तू कडेला उभी राहून लेनोरच्या भाचीला काहीतरी सांगत होतीस आणि ती हसत होती. काय सांगितलंस ते मी विचारत नाही. पिशव्या जळाल्या असतील पुन्हा.

सरोवरावरचा बर्फ फुटला. पहिलं जहाज आलं, पुलाखाली भोंगा वाजला. लेनोरला तो ऐकायचा होता. चारच दिवसांनी चुकला.

तू आलीस त्या गुरुवारचं लिहिते. तू खाटेशी बसलीस आणि ग्रिमेलच्या त्या घोगऱ्या आवाजात म्हणालीस, "कोण आहे बाहेर?" लेनोर म्हणाली, "मी." तू म्हणालीस, "आम्ही तुला मेली समजून दार लावलं गं." ती म्हणाली, "मी हाका मारल्या." तू म्हणालीस, "नदीचा आवाज फार होता." लेनोरनं तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "होता." मग तू फासा न टाकता दार उघडलंस आणि मी टाकायला सांगितलं नाही. मी आडोशामागे माझ्या कागदांकडे पाहत होते. त्यांच्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

तू गेल्यावरही ती खेळली. वेस्ला घराकडे निघाली होती. घाई अजिबात नव्हती. वाटेत प्रत्येक झाड तिला बघायचं होतं, आणि मला प्रत्येक झाड सांगावं लागलं. हार्लन एकदा वैतागून म्हणाला, "आता तरी एखादा दरोडेखोर आण, मार्लिस!" लेनोर म्हणाली, "नको. चालू दे." घर आलं नाही. पण ती वाटेवर होती आणि तिच्या पायात बूट होते. हे मी तुला सूत्रधार म्हणून सांगते.

शेवटच्या गुरुवारी तिनं वेस्लाचा कागद माझ्याकडे दिला. "बर्नीच्या मुली," म्हणाली. तुझ्या टेबलावर दर शनिवारी खेळायला येतात त्या. तू त्यांच्याबद्दल बोलली होतीस. एक जण परिचारिका होते आहे आणि एक जण खेळताना विणते, ते तिला आवडलं होतं.

म्हणून तो कागद सोबत आहे. दोन आहेत. पिवळा तिचा. दुसरा माझ्या अक्षरात, तुमच्या आवृत्तीप्रमाणे. तुझं पुस्तक मी परत पाठवलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. आकडे बदलावे लागले. काही वाढले आहेत, ते मला पटलेले नाहीत, पण तुमच्यात ते तसेच बसतात. मी पुन्हा पुन्हा तपासले आहेत. धनुष्य तेच आहे. पुलाचं भय तुमच्या पुस्तकात कुठे मांडायचं ते सापडलं नाही, म्हणून खाली शब्दांत लिहिलं आहे. मुलींना ते वाचायला लाव.

तिला पुढं काही झालं तर उठवायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. टेबलावर जे बसतील त्यांनी ठरवावं. मी तिथं नसेन.

आणि फासा. गरम पाण्यात टाकला असता तर वरच्या मेणाबरोबर आकड्यांतला खडूही गेला असता. म्हणून मागच्या पायरीवर गारठू दिला आणि सुरीच्या टोकानं मेण टवका टवका काढलं. दोन्ही रंग शाबूत आहेत. त्यानं माणूस मारलेला नाही, तेव्हा टाकायला हरकत नाही.

हार्लननं दिवा सरळ करून द्यायला सुरुवात केली होती. मी म्हणाले, राहू दे. मे अखेरपर्यंत रस्ते कोरडे होतील. आम्ही दोघंच आहोत आता, आणि दोघांत खेळ होत नाही. येशील तेव्हा तुझं पुस्तक आण किंवा आणू नकोस. एक इथे आहेच.

तांबडं म्हणजे दहा मिळवा. कुणाला उसना देशील तर आधी सांग.

मार्लिस